मुहूर्ताची फेरी

ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळातला काटा सातवर असताना शालूने मोबाइलवर वेळ लावली. इंजिन बंद होतं. तिचा उजवा पाय ब्रेकच्या पेडलवर होता आणि पेडल तळापर्यंत दाबलेलं होतं. काटा हलताना दिसत नसे. नजर दुसरीकडे नेऊन परत आणली की तो केसभर खाली आलेला असे. सात आणि साडेसहा यांच्यामध्ये पाच बारीक रेघा होत्या. पाचवी रेघ ओलांडायला त्याला एक मिनिट चाळीस सेकंद लागले. मागच्या वर्षी याच पाच रेघांना नऊ मिनिटं लागली होती.

"किती?" ट्रेलरखालून तिच्या नवऱ्याने, दिगंबरने विचारलं.

"एक चाळीस."

"सोड."

तिने पाय उचलला. काटा होता तिथेच थांबला. तिने मिनिटभर वाट पाहिली.

"अहो, सोडल्यावर उतरत नाहीये. दाबल्यावरच उतरतोय. म्हणजे मोठ्या नळीत काही नाही. चाकामागच्या डब्यात कुठेतरी फाटलंय."

दिगंबरचा आवाज आला, पण तो चिंचेखाली खुर्ची टाकून बसलेल्या त्याच्या वडिलांसाठी, आप्पासाहेबांसाठी होता. "आप्पा, लाइन चांगली हाय. डब्यात फाटलं असंल."

"मग काढ की," आप्पासाहेब म्हणाले. "का त्याला निमंत्रण द्यायचं?"

ब्रेक तपासायला दोन माणसं लागतात, एक वर दाबणारं आणि एक खाली ऐकणारं. शालू विश्रांतवाडीहून लग्न होऊन कात्रजच्या मागे या घरात आली त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षं दाबायचं काम तिच्याकडे होतं. बारावीला तिने सायन्स घेतलं होतं. त्याचा या घराला एवढाच उपयोग झाला, की तिला घड्याळ लावून नीट आकडा सांगता येई.

जमीन गेली तेव्हा आप्पासाहेबांनी हा ट्रेलर घेतला होता. तेव्हाच तो जुना होता. दोन आखांचा, आठ चाकांचा, पोकलेन वाहून नेणारा, जमिनीला पोट टेकेल इतका बुटका. त्याला ओढणाऱ्या पुढच्या गाडीला सगळे घोडा म्हणत. पाऊस चार महिने चाले तेव्हा खोदाई बंद असे आणि ट्रेलर चिंचेखाली उभा राही. दसऱ्याला तो बाहेर पडे. चौदा वर्षांत दसऱ्याची पहिली फेरी चुकली नव्हती. खेड शिवापूरच्या खडीच्या खाणीवरून पोकलेन उचलायचा, बोगद्यातून पुण्याच्या बाजूला उतरायचं आणि हिंजवडीला नेऊन टाकायचा. दसऱ्याला ज्याचा ट्रेलर पहिला येतो त्याला वर्षभर काम मिळतं, असं आप्पासाहेब सांगत. गावात उरलेल्या चार लोकांसमोर मान ताठ ठेवायला त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं.

दसरा चार दिवसांवर आला होता.

गेनबा साबणाच्या पाण्याची बादली घेऊन आखाखाली सरपटला. साठीच्या पुढचा, काटकुळा माणूस. जमीन होती तेव्हा तो आप्पासाहेबांचा सालगडी होता. जमीन बिल्डरने घेतली, बैल बाजारात गेले, गेनबाला कुणी काही सांगितलं नाही म्हणून तो राहिला. आता तो अंगण झाडी, पाणी भरी आणि ट्रेलरचे नट आवळी.

"दाबा वैनी," तो म्हणाला.

तिने दाबलं.

"हितं फेस येतुया. डाव्या अंगाला, मागच्या आखाला."

डबा उघडला तर आतला रबरी पडदा करंगळी जाईल इतका फाटलेला होता. दिगंबरच्या पेटीत नवा पडदा होता. तो बसवायला दुपार झाली. डब्याची पट्टी गंजून बसली होती, तिच्यावर घणाचे घाव घालावे लागले. तेव्हा शेजारच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून एक बाई डोकावल्या.

"आपलं हे किती वाजेपर्यंत चालेल, साधारण? म्हणजे आम्ही त्याप्रमाणे झोपायचं ठरवू."

आप्पासाहेबांनी मान वर केली नाही. "तुमच्या पलंगाच्या जागी आमचा हरभरा हुता, बाई. त्यानं कधी तक्रार केली न्हाई."

गॅलरीचं दार लागलं. आप्पासाहेब खूश झाले आणि त्यांनी चहा मागवला. दिगंबरला आणि गेनबाला चहा द्यायचा का, हे सासूबाईंनी, आनंदीबाईंनी, खिडकीतून नजरेनेच विचारलं. आप्पासाहेबांनी नकाराची मान हलवली. काम झाल्यावर.

पडदा बसला. शालूने पुन्हा वेळ लावली. अकरा मिनिटं झाली तरी काटा पाचव्या रेघेला पोचला नाही. दिगंबर खालून बाहेर आला, तोंडाला ऑइल, आणि हसला. लग्नातल्या फोटोत तो असाच हसला होता, त्यानंतर फारसा नाही.

तेवढ्यात फोन वाजला. त्याचे हात काळे होते म्हणून तिने फोन त्याच्या कानाला लावला. हिंजवडीच्या साइटवरचा सुपरवायझर श्रीनिवास होता. त्याचा आवाज तिलाही ऐकू येत होता.

"दिगंबरशेठ, दसऱ्याला पक्कं ना? मशीन तिकडे आयडल पडलंय. नसेल जमत तर क्लिअर सांगा, मी दुसरा अरेंज करतो. नंतर रडारड नको."

"येतो की. येतोच."

फोन ठेवल्यावर शालू म्हणाली, "चाक उचलून बघायला पाहिजे. हवा टिकते म्हणजे ब्रेक लागतो असं नाही."

"बघू."

"आत्ताच बघू या. जॅक आहे."

त्याने वडिलांकडे पाहिलं आणि जॅक घेतला.

मागचं डावं चाक जमिनीपासून चार बोटं उचललं. शालूने पेडल दाबलं. डब्यातून दांडा बाहेर आला, पूर्ण आला, जेवढा यायला हवा तेवढा. गेनबाने चाकाच्या बोल्टांमध्ये पहार अडकवली आणि अंगाचा भार टाकला. ब्रेक लागलेलं चाक चार माणसांना हलत नाही. हे चाक गेनबाच्या एकट्याच्या भाराने फिरलं, सावकाश, आवाज न करता.

"दाबलंयस ना?" दिगंबरने विचारलं.

"तळापर्यंत."

गेनबाने पुन्हा पहार लावली. चाक पुन्हा फिरलं.

दुसऱ्या दिवशी त्या चाकाच्या ब्रेकचा ड्रम काढायला घेतला. दोन्ही चाकं उतरवून, घणाने ठोकून, लिव्हरने ओढून तो बाहेर येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. ऑक्टोबरचं ऊन होतं. गेनबाच्या बंडीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटले होते. ड्रम अखेर सुटला आणि तिघांनाही एकदम वास आला. गॅरेजच्या गटारीला येतो तसा, जळक्या ऑइलचा.

आतले, ड्रमला घासून चाक थांबवणारे दोन्ही लायनर काळे, ओले आणि चकचकीत होते. कोरड्या लायनरला हात फिरवला तर पाटा-वरवंट्यासारखा खरखरीत लागतो. दिगंबरने बोट फिरवलं, ते घसरून पुढे गेलं.

"एवढं तेल आलं कुठून?" तो म्हणाला.

शालूला ठाऊक होतं. गेनबालाही होतं. दिगंबरला नसेल असं तिला वाटलं नाही.

ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आधी, आप्पासाहेबांनी गॅरेजवरून जळक्या ऑइलचे दोन डबे आणवले होते. माळ्यावरचा फवारणीचा पंप काढायला लावला होता, ज्याने पूर्वी वांग्यावर औषध मारायचे तो. शालू चहा घेऊन उभी होती. "आतपर्यंत मार गेन्या," आप्पासाहेब म्हणाले होते. "आख, चाकाची आतली बाजू, कुठंबी कोरडं ठेवू नको. गाडीच्या आखाला आपण वंगण घालायचो का न्हाई? लोखंड म्हंजे लोखंड." ड्रममागचे पत्रे कधीच गळून गेले होते. गेनबाने पाठीवर पंप बांधून, गुडघ्यांवर बसून आठही चाकांच्या आत नळी घातली होती. बैलगाडीच्या चाकाला ब्रेक नसतो, हे त्या वेळी कुणी बोललं नाही. तिच्या मनात आलं होतं. मामंजी बोलत असताना मध्ये बोलायची या घरात पद्धत नव्हती, आणि चहा निवत होता.

आप्पासाहेब खुर्चीवरून उठून आले. वाकून त्यांनी ड्रममध्ये पाहिलं.

"कुणी मारलं हे?"

गेनबाने हात बंडीला पुसले.

"गेन्या. तुला इचारतोय."

"मालक, जेष्ठात तुमीच म्हनला हुता, आतपातुर..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. आप्पासाहेबांनी त्याच्या कानाखाली वाजवली. त्यांचं वय अडुसष्ट होतं, पण हात शेतकऱ्याचा होता. गेनबाची टोपी ड्रमजवळच्या ऑइलमध्ये पडली.

"मी म्हनलो, चाकात तेल वत? मला येड लागलंय? चौदा वर्सं गाडी चालवतोय मी. इचार याला, मी म्हनलो का?"

त्यांनी दिगंबरकडे बोट केलं. दिगंबर त्या दिवशी खाणीवर गेला होता. त्याने शालूकडे पाहिलं. आप्पासाहेबांनीही पाहिलं, पण विचारलं नाही. त्यांना विचारायची गरज नव्हती.

शालूच्या हातात पान्हा होता. तिने तो कापडाने पुसला. आधीच पुसलेला होता.

"चुकलं असंल माजंच," गेनबा म्हणाला. त्याने टोपी उचलली, पिळली, घडी करून खिशात ठेवली आणि दुसऱ्या बाजूचं चाक उतरवायला गेला.

संध्याकाळपर्यंत चारही ड्रम उघडे पडले. सगळे तसेच होते.

"नवे लायनर घालायला लागतील," दिगंबर जेवताना म्हणाला. "नाना पेठेत एक जण बसवून देतो. तीन-चार दिवस लागतात."

"दसरा तीन दिसांवर हाय," आप्पासाहेब म्हणाले.

"हो, म्हणून म्हणतो, श्रीनिवासला सांगून दोन दिवस..."

"सांग. सांग त्याला, की आप्पासाहेबांच्या ट्रेलरला दसऱ्याला जमना. मग उद्या तो दुसऱ्याला बोलवंल, परवा त्यालाच धरून बसंल. तू बस हितं, बायकूबरोबर घड्याळ बघत." त्यांनी भाकरी मोडली. "पेट्रोलनं धू आन् पेटव. तेल जळून जातं. सगळे तसंच करत्यात."

सगळे तसंच करतात हे खरं होतं. दुसऱ्या दिवशी लायनर पेट्रोलने धुतले, पत्र्यावर मांडले आणि पेटवले. निळसर ज्वाळा उठल्या, मग पिवळ्या, मग काळा धूर सरळ तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. विझल्यावर गेनबाने तारेच्या ब्रशने ते घासले. राखाडी, कोरडे, नव्यासारखे दिसले.

शालूने त्यातला एक उचलून उन्हात तापलेल्या पत्र्यावर, वर्तमानपत्राच्या पानावर पालथा ठेवला. तेल वर आहे की आत मुरलंय एवढंच तिला पाहायचं होतं. दोन तासांनी तिने लायनर उचलला. कागदावर लायनरच्या आकाराचा पारदर्शक डाग होता. त्यातून पलीकडची अक्षरं उलटी दिसत होती. तिने नवा कागद ठेवला. तासाभरात त्यावरही डाग आला. म्हणजे गरम झालं की आतलं बाहेर येतं. घाटात ड्रम पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो.

तिने दोन्ही कागद दिगंबरला मोरीजवळ नेऊन दाखवले. तो हात धूत होता.

"उतारावर तापल्यावर हे असं होणार," ती म्हणाली. "वीस टनाचा पोकलेन मागे असेल. घोड्याचे ब्रेक एकटे किती धरतील?"

त्याने कागद उजेडाकडे धरून पाहिले. बराच वेळ पाहिले.

"आप्पांना नको दाखवू," तो म्हणाला.

"मग तुम्ही सांगा."

"बघू."

"केव्हा बघणार?"

"शालू, मला चालवायचीय गाडी. तुला नाही. मला जास्त भीती वाटायला पाहिजे का तुला?"

कागद मोरीत पडले. आनंदीबाईंनी ते नंतर उचलले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आजचा पेपर होता. यांनी वाचला नव्हता अजून."

खंडेनवमीला सकाळी लायनर बसवून झाले. हत्यारांच्या पूजेआधी आप्पासाहेबांना चाचणी हवी होती. पाण्याच्या टाकीकडून ओढ्याकडे उतरणारा सोसायटीचा रस्ता होता, त्यावर ते घोडा आणि रिकामा ट्रेलर घेऊन गेले. दिगंबर स्टिअरिंगवर, शेजारी आप्पासाहेब, आणि सीटच्या मागच्या फळीवर घड्याळाकडे बघायला शालू. ट्रेलरच्या मागच्या टोकाला गेनबा उभा होता. त्याच्या हातात उटी होती, चाकाखाली सारायची बाभळीची जाड पाचर, तिला धरायला लोखंडी कडी. हॉर्न वाजला की उडी मारायची आणि चाकाखाली उटी सारायची, हे काम तो बैलगाडीपासून करत आला होता.

पायाच्या पेडलने घोड्याचे आणि ट्रेलरचे, दोन्ही ब्रेक लागत. नुसत्या ट्रेलरला वेगळा हातातला दांडा होता. ट्रेलरचे ब्रेक पाहायचे असतील तर फक्त दांडा ओढायचा, पाय लावायचा नाही.

पहिल्यांदा दांडा ओढला. ट्रेलर थांबला, झटका देऊन, चांगला थांबला.

"बघ," आप्पासाहेब म्हणाले. "पेपर ठिवत बसली हुती."

म्हणजे आनंदीबाईंनी सांगितलं होतं. शालू घड्याळाकडे बघत राहिली.

दुसऱ्यांदा उतारावर थोडं लांब गेले, दांडा अर्धा ओढूनच उतरले. ट्रेलर थांबला, पण दोन हात पुढे जाऊन. केबिनमध्ये वास यायला लागला होता. कुणी त्याबद्दल बोललं नाही.

"अजून एकदा," आप्पासाहेब म्हणाले. "पार टाकीपासून."

तिसऱ्यांदा अर्ध्या उतारावर दिगंबरने दांडा ओढला. काही झालं नाही. त्याने तो शेवटपर्यंत ओढला. शालूने काटा पाहिला. हवा सातवर होती, भरपूर होती. चाकामागून पांढरा धूर निघत होता आणि ट्रेलर घोड्याला मागून ढकलत होता, घाईने नव्हे, गर्दीत कुणी खांद्याने ढकलतं तसा. ओढ्यावरच्या अरुंद पुलाला अजून शंभर पावलं होती.

दिगंबरचा पाय पेडलकडे गेला.

"पाय लावू नगंस," आप्पासाहेब म्हणाले. "ट्रेलरचंच बघायचंय." आणि त्यांनी हात लांब करून हॉर्न दाबला.

शालूने मागच्या काचेतून पाहिलं. गेनबा उडी मारून उतरला. त्याला उतरताना पाहून वयाचा अंदाज आला नसता. दोन पावलं चाकाबरोबर धावून त्याने वाकून उटी सारली. जळक्या ऑइलने माखलेल्या त्याच्या चपलेखाली रस्ता गुळगुळीत होता. त्याच क्षणी दिगंबरने पाय दाबला. घोडा आणि ट्रेलर हातभर पुढे सरकून थांबले. उटी चाकाखाली नव्हती. ती बाजूला पडली होती.

मग गेनबा म्हणाला, ओरडला नाही, नुसतं म्हणाला, "मागं घ्या. मागं घ्या वाईच."

दिगंबरला गिअर सापडेना. मागे घेताना चाक गेनबाच्या पायावरून दुसऱ्यांदा गेलं.

आधीच पाय लावला असता तर घोड्याने रिकामा ट्रेलर कसाही थांबवला असता. शालूने हे त्या वेळी मनात मोजलं, कारण मोजायची तिला सवय होती, आणि नंतर तिला त्या सवयीची शिसारी आली.

"उटी उशिरा घातली," आप्पासाहेब खाली उतरल्यावर म्हणाले. "वय झालं आता त्याचं."

भाड्याच्या जीपमधून दवाखान्यात जायच्या वाटेवर आप्पासाहेबांनी काय सांगायचं ते ठरवलं. अंगणात पायावर शहाबादी फरशी पडली, असं. पोलिसांच्या कागदात ट्रेलर गेला तर दसऱ्याला तो हलणार नव्हता. गेनबा मागच्या सीटवर शालूच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. पायाला त्याचीच टोपी आणि शालूची ओढणी बांधलेली होती.

"फरशीच पडली," तो म्हणाला. "समजलं मालक."

ड्यूटीवरची डॉक्टर तरुण होती, झोप न झालेली. तिने ओढणी सोडली आणि बराच वेळ पाहिलं.

"कशाखाली आला?"

"फरशी," आप्पासाहेब म्हणाले. "शहाबादी."

"अच्छा. तुमच्याकडच्या फरशीवर टायरची नक्षी असते का?"

डॉक्टरने दिगंबरकडे पाहिलं. तो भिंतीवरचा हात धुण्याचा तक्ता वाचत होता. मग तिने शालूकडे पाहिलं, आणि ती पेन उघडून थांबली. शालूच्या ध्यानात आलं की ही बाई आता फक्त आपल्यासाठी थांबली आहे. किती वेळ थांबेल हेही तिला जवळजवळ सांगता आलं असतं.

"पेशंट काय म्हणतोय?" डॉक्टरने शेवटी विचारलं.

"फरशी," गेनबा म्हणाला.

तिने लिहिलं.

बोटांसकट पुढचं अर्धं पाऊल काढावं लागलं. गेनबाची बायको सोजरबाई दुपारी आली. चार घरची धुणी टाकून आली होती, हात अजून पांढरे आणि सुरकुतलेले होते. तिने आप्पासाहेबांना काही विचारलं नाही. दिगंबरला विचारलं नाही. ते दोघे चहाला गेल्यावर ती शालूजवळ बाकावर बसली.

"वैनी, तुमी तितं हुता न्हवं?"

"हो."

"फरशी कुनी ठिवली हुती तशी? उबी?"

शालूने तिच्या हातांकडे पाहिलं.

"मी मागं होते," ती म्हणाली. "मला दिसलं नाही."

सोजरबाईने मान हलवली. "असू द्या," ती म्हणाली. तिला कळलं आहे, हे शालूला दिसलं. तरीही ती "असू द्या" म्हणाली होती.

दसऱ्याला पहाटेच आनंदीबाईंनी अंगण सारवलं. घोड्याला झेंडूची माळ बांधली. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. आप्पासाहेब धुतलेलं धोतर नेसून नारळ घेऊन उभे होते. गावातले चौघे जण येऊन बसले होते, त्यातले दोघे नुसतेच हसत होते.

"गेनबा दिसंना," त्यातला एक म्हणाला.

"फरशी पडली पायावर," आप्पासाहेब म्हणाले. "हाय दवाखान्यात. बरं हाय." मग ते दिगंबरकडे वळले. "उटीला कोन हाय आज?"

दिगंबर आरसा पुसत होता. पुसून झाला तरी तो पुसत राहिला. रात्रभर तो बोलला नव्हता. शालूला वाटलं होतं की तो ठरवतो आहे, आणि तिने त्याला ठरवू दिलं होतं. नऊ वर्षांत तिने त्याला असा बराच वेळ दिला होता.

"शालू बसंल," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. आनंदीबाईंनी आरतीचं ताट दुसऱ्या हातात घेतलं.

"बसू दे," आप्पासाहेब म्हणाले. "न्हाईतरी सगळं तिलाच कळतंय."

दिगंबर तिच्याजवळ आला. हलक्या आवाजात, समजूत घालावी तसं बोलायला लागला. "घाबरू नको. मी पहिल्या गिअरमधेच उतरणार. बोगदा संपला की पुलापर्यंत, तेवढंच. बाकी रस्ता सपाट. लागणारच नाही उटी. नुसती तयार राहा मागं." त्याने तिच्या साडीकडे पाहिलं. सणाची हिरवी साडी होती. "साडी नको. ड्रेस घालून ये. उडी मारायला बरं पडंल."

शालू त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो तिच्यावर चिडलेला नव्हता. त्याला कपड्यांचं खरंच महत्त्वाचं वाटत होतं. त्याने सगळा विचार केला होता, फक्त जायचं नाही हा विचार त्याला सुचला नव्हता, आणि तो कधी सुचणारही नव्हता.

"चल, नारळ फोड," आप्पासाहेब म्हणाले.

दिगंबरने घोड्याच्या पुढच्या चाकाजवळ नारळ फोडला. पाणी त्याच्या दोन्ही हातांवरून ओघळलं. तेवढ्यात बोनेटवर ठेवलेला फोन वाजायला लागला.

"धर गं," तो म्हणाला.

तिने फोन घेतला, बटण दाबलं आणि त्याच्या कानाला लावला.

"हॅपी दसरा, दिगंबरशेठ. निघालात ना? मशीन तयार ठेवलंय, ऑपरेटर सकाळपासून उभा आहे तिकडे."

दिगंबरने वडिलांकडे पाहिलं. आप्पासाहेबांनी भुवई वर केली.

"हां, निघालो की," दिगंबर म्हणाला. "हे बघा, आता..."

शालूने फोन त्याच्या कानापासून काढला. तो काही समजून तिच्याकडे वळेपर्यंत फोन तिच्या कानाला होता. त्याचे हात ओले होते, नारळाच्या वाट्या दोन्ही हातांत होत्या.

"श्रीनिवास, मी शालू बोलतेय. दिगंबर यांची बायको."

"हां वहिनी, बोला. काय, लेट होणार आहे का?"

"फोन दे त्याच्याकडं," आप्पासाहेब म्हणाले.

ती मागे सरली नाही आणि पुढेही आली नाही. तिने त्यांच्याकडेच बघून बोलायला सुरुवात केली, चौघांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, आकडा सांगताना ती बोले तसंच.

"ट्रेलर येणार नाही. त्याच्या एकाही चाकाला ब्रेक लागत नाही. आम्हीच आत तेल मारलंय. काल आमच्या गेनबांचा अर्धा पाय त्याच्याखाली गेला. आज येणार नाही, उद्याही येणार नाही. तुम्ही दुसरा बघा."